नववी मात्रा

गारखेड्यातल्या घरी, पुढच्या खोलीत मी तबल्याचा क्लास घेतो. नव्या लेकरांना महिनाभर तबल्याला हातही लावू देत नाही. वहीत लिहिलेले बोल वाचून तोंडानं म्हणायचे आणि समोरच्यानं टाळ्या देऊन ताल धरायचा. टाळ्यांचं काम माझ्या बायकोचं. कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, गाण्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण ऐकून ऐकून तीनताल तिच्या हातात पक्का बसला होता. सोळांतली एक मात्रा चुकेल तर शपथ.

चुकायची ती मुद्दाम. नवव्या मात्रेला टाळी नसते, हात नुसता बाजूला न्यायचा. तिथून पुढं 'धिं'ऐवजी 'तिं' येतो आणि लेकरं हमखास अडखळतात. कुणी अडखळलं की हिचा हात हवेतच थांबायचा. बोल सापडला की मगच पुढची मात्रा. माझा पारा चढायचा.

"ताल कुणासाठी थांबत नसतो!"

"लेकरू भेदरलंय, अहो. जराक थांबलं तं काय बिघडतंय?"

बिघडलं. बजाजनगरहून येणारी एक मुलगी परीक्षेत तिथंच थांबली आणि परीक्षकांचा हात पुढं निघून गेला. ती रडत आली. मी सगळ्या पोरांदेखत बायकोला म्हणालो, "उद्यापासून तू बसू नको."

दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर ताल लावला. पुढं एकदा तिनं दारातून विचारलं, "आज बसू का मी?" मी मान न वळवताच नको म्हणालो. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. पोरं चोख वाचतात, परीक्षेत नंबर काढतात, आणि मला क्लासच्या वेळी तिची इतकी आठवण येते की खोलीत बसवत नाही.

परवा एक नवी मुलगी 'तिं'वर अडकली. तीनदा अडकली, डोळे भरून आले. मी मोबाइल बंद केला आणि स्वतः टाळ्या द्यायला बसलो. या वेळी थांबायचं, असं अगदी ठरवलं होतं. नववी मात्रा आली, मुलगी अडकली, माझ्याकडं बघत राहिली.

माझा हात थांबला नाही. चाळीस वर्षांची सवय. तो ठरल्या वेळी पुढच्या मात्रेवर गेला.