दारापाशी बसणारा माणूस

दळणाचा डबा काखेत घेऊन मी गिरणीवरून परतत होते, तेव्हा आमच्या दारात जास्तीच्या चपला दिसल्या. चारपाच जोड. सकाळी दहा वाजता एवढी माणसं आमच्याकडं कशाला येतील... डबा तसाच ओट्यावर ठेवला आणि आत गेले. कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

सकाळी मालक बरे होते. अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. महिनाभर अंथरुणावर होते, पण त्या दिवशी स्वतः उठून बसले आणि मला म्हणाले, "आज लई हलकं वाटतंय. पीठ संपलंय न्हवं? जाऊन ये दळण घेऊन." मी म्हणाले, दुपारी जाते. "आत्ताच जा. ऊन व्हायच्या आत." गेले. मी सासऱ्याजवळ शेवटपर्यंत बसलेली बाई आहे. सासूजवळ बसले, माझ्या आईजवळ बसले. तिघांच्याही तोंडात पाणी मी घातलं. आणि नवऱ्याच्या वेळी गिरणीत नंबर लावून उभी होते. सहा आठवडे झाले. एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते, अर्ध्यात उठते, अंगणात जाते, कशाला आले ते आठवत नाही, परत येते.

आमचे मालक रंगनाथ. जळकोटात त्यांना रंगूअण्णा म्हणायचे. चार एकर कोरडवाहू जमीन, आणि पुढं गावात दूध सोसायटी निघाली तेव्हा सकाळचं दूध मोजायचं काम. चांगले होते का, म्हणाल तर होते. फार कामाचे होते का, तर नव्हते. त्यांची एक खोड साऱ्या गावाला ठाऊक होती. लग्न असो, कीर्तन असो, तंबूतला सिनेमा असो, ते दारापाशी बसायचे, एक चप्पल पायात आणि एक बाहेर, आणि शेवट जवळ आला की उठून चालू लागायचे. मंगलाष्टका संपायच्या आत हा माणूस मांडवाबाहेर. सिनेमा सुटल्यावर घरी येताना मला विचारायचे, "मग काय झालं गं पुढं?" मी सांगायचे. हिरो वाचला की मेला, पोरगी कुणाला दिली, सगळे शेवट मीच सांगायचे. ते मान हलवत ऐकायचे, जसं काही मनातून ठाऊकच होतं.

ही खोड त्यांना हैदराबादनं लावली, असं ते म्हणायचे. शाळा निजामाच्या राज्यातली, त्यामुळं लिहिणं-वाचणं उर्दूत. मिसरूड फुटायच्या आत पोटासाठी हैदराबादला गेले आणि फुटबॉलच्या मैदानाजवळ एका सोडावॉटरच्या दुकानात राहिले. बाटल्या घेऊन मैदानात जायचे. तिथं शहराची एक टीम होती, जांभळ्या सदऱ्याची. त्या वेळी ती टीम सगळ्यांना हरवायची, कलकत्त्याला जाऊन हरवून यायची म्हणे. चार वर्षांनी बाप आजारी पडला म्हणून हे गावी आले, लग्न झालं, शेतीला लागले. पण ती टीम काही सुटली नाही. आमचं गाव पडलं सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. ट्रकवाले चहाला थांबायचे. हे सकाळी ट्रकमध्ये चढायचे, दुपारी मॅच गाठायचे आणि परतीचा ट्रक बाजारातून निघायचा म्हणून मॅच संपायच्या दहा मिनिटं आधी उठायचे. वर्षाला पाचसहा वेळा. म्हणजे बघा, एवढ्या वर्षांत एकाही मॅचचा शेवट नाही. ट्रक चुकंल, हे एकच उत्तर.

बहात्तरच्या दुष्काळात मी याच रस्त्यावर खडी फोडत होते. विहिरीत पाणी नव्हतं, गोठ्यात जनावर नव्हतं, दुपारी सुकडी मिळायची तेवढ्यावर दिवस. हेही कामावर होते, पण त्या दिवशी आले नव्हते. ढिगापाशी बसून मी हातोडी मारत होते, तेवढ्यात शेजारची म्हणाली, "वर बघ गं, तुझा मालक चाललाय." ट्रकात कांद्याची पोती, पोत्यांवर हे. माझ्याकडं बघून हात वर केला. साऱ्या बाया हसल्या. मुकादम म्हणाला, "रंगूअण्णाला दुष्काळ लागू न्हाय वाटतं." माझ्या हातात दगड होता. ट्रक पुढं गेला म्हणून हे वाचले. घरी आल्यावर मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "काय मिळतं तुम्हाला तिथं?" म्हणाले, "तिथं हिरवं गवत असतं." मी म्हणाले, "मग चरून यायचं." हसले. राग यायचा नाही त्यांना, हीच मोठी पंचाईत होती.

प्रत्येक मॅचनंतर आठ दिवसांत एक पोस्टकार्ड यायचं. उर्दूत. हे ते दारापाशी उभे राहून वाचायचे आणि खिशात घालायचे. माझ्या सासूला खात्री होती की हैदराबादला बाई आहे. "इतकं कोण लिवतंय गं पुरुषमाणसाला?" एकदा हे शेतात असताना कार्ड आलं, तेव्हा सासूनं मला पाटलांच्या जुन्या मुनशीकडं पाठवलं. मुनशींनी चष्मा लावला, कार्ड दोनदा उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "दोन-शून्य. तुम्ही गेल्यावर अजून एक झाला. डोक्यानं. बस, एवढंच आहे." लिहिणारे करीमभाई. यांच्याबरोबर सोड्याच्या दुकानात होते, मग शिंपी झाले. मैदानात शेजारी बसायचे आणि हे उठून गेल्यावर जे घडलं ते कळवायचे. सासूला मी सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. बाई असती तर तिला बरं वाटलं असतं, निदान समजलं तरी असतं.

पुढं ती टीम हरायला लागली. चांगले खेळणारे दुसरीकडं गेले, उरले ते म्हातारे झाले. मी म्हणायचे, आता कशाला जाता? तर म्हणाले, "जिंकत हुते तवा बसाया जागा मिळत न्हवती. आता पाय पसरून बसतो." तुमच्यावाचून त्यांचं काय अडतंय, विचारलं. "त्यांचं न्हाय अडत," एवढंच म्हणाले.

दूध सोसायटी निघाली आणि यांना काम मिळालं, तेव्हा मला वाटलं आता पायाला दावं पडेल. पण पहाटेपर्यंत ट्रकनं परत यायचं आणि तोंड न धुता मापाला उभं राहायचं, असं सुरू झालं. मग एका वर्षी ती टीम कशीबशी फायनलला पोचली. कितीतरी वर्षांनी. हे चार दिवस घरात फिरत होते. शेवटी चुलीपाशी येऊन उभे राहिले.

"एक मॅच शेवटपतुर बघायची हाय."

"मग बघा की."

"सकाळचं दूध कोण घ्यायचं? मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं येणार."

मी चौथी शिकलेली. आकडे मला येत होते, काचेची नळी दुधात सोडायची तेही बघून ठाऊक होतं. नळी जास्त बुडाली की दुधात पाणी. त्यात काय अवघड आहे? मी म्हणाले, मी घेते, पण शेवट बघून या. मला येऊन सांगा. इतकी वर्षं मी सांगतेय, एकदा तुम्ही सांगा.

त्या पहाटे मी सोसायटीच्या दारात उभी राहिले तेव्हा पुरुषमंडळी किटल्या घेऊन थबकली. बाई मापाला, हे कुणी पाहिलं नव्हतं. "अण्णा कुठं गेले? आज वहिनी साहेब व्हय?" मी म्हणाले, व्हय, किटली पुढं घ्या. सगळं नीट चाललं होतं. मग नामदेवतात्या आले, चेअरमनचे चुलत भाऊ. त्यांच्या किटलीत नळी सोडली तर बुडतच गेली.

"तात्या, पाणी हाय."

"वहिनी, म्हैस पाणी पेती, मग दुधात येणारच."

"एवढं न्हाय येत."

"तुमच्या मालकाला कधी दिसलं न्हाय ते."

मला कळलं, यांना रोज दिसत होतं. भांडण नको म्हणून डोळे मिटत होते. मी किटलीचं झाकण लावलं आणि परत दिली. तात्या लई बोलले. रंगूचं काम काढून घेतो म्हणाले, नवरा खेळ बघत हिंडतो आणि बायको गावाचं दूध नासवते म्हणाले. माझ्या बापापर्यंत गेले. काम गेलं तर घरात काय शिजणार, ते मला ठाऊक होतं. तरी दुसरी किटली पुढं घेतली. म्हटलं, आज काही होवो, तो माणूस एकदाचा शेवट बघून येऊ दे.

हे दुपारी आले. एसटीतून उतरले तेच हातात साखरेचा पुडा घेऊन. पारावर, सोसायटीत, हॉटेलात, दिसेल त्याच्या हातावर चिमूट चिमूट साखर. "जिंकलो. एक-शून्य." तात्यांच्याही हातावर ठेवली. तात्या सकाळचं भांडण उकरून काढणार होते, पण तोंडात साखर आल्यावर माणूस किती बोलणार? मला घरी येऊन म्हणाले, "शिट्टी वाजली आन् समदं मैदान उभं राह्यलं." मी विचारलं, मग? "मग काय... संपलं." मला ते थोडकं वाटलं. मी असते तर नीट सांगितलं असतं. पण म्हटलं, सवय नाही माणसाला. काम काही गेलं नाही. उलट महिनाभरात बायाच म्हणाल्या, सकाळी वहिनीच बऱ्या. पुढची बरीच वर्षं ते माप मी घेतलं आणि हे किटल्या उचलू लागले. तात्यांचं दूधही सुधारलं.

दोनतीन वर्षांत ती टीम मोडली. यांचं जाणं थांबलं. पुढं घरात टीव्ही आला, त्यावर कुठल्या कुठल्या देशांच्या मॅच लागायच्या. हे दारापाशी स्टूल टाकून बघायचे आणि शेवटची दहा मिनिटं राहिली की उठून अंगणात. घरातल्या टीव्हीपासून कुठला ट्रक चुकणार होता? मी तेव्हाच विचार करायला हवा होता. केला नाही. जुनी खोड म्हणून सोडून दिलं.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात करीमभाई आले. आमच्या मुलानं फोन करून कळवलं होतं. सत्याऐंशी वर्षांचा माणूस, लेक गाडी चालवत घेऊन आली. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. बारीक, पांढरी दाढी, बोटं शिंप्याची. मालकांच्या पेटीत सगळी पोस्टकार्डं सुतळीनं बांधलेली सापडली होती. ती मी पुढं ठेवली आणि म्हणाले, वाचून दाखवा. आता गावात उर्दू वाचणारं कुणी उरलं नाही. ते एकेक वाचत गेले. तीन-एक. दोन-दोन. पाऊस आला, खेळ थांबला. मग एका कार्डावर अडले.

"ये फायनल की है, भाभी."

मी म्हणाले, ती तर आपण जिंकलो. एक-शून्य.

त्यांनी कार्ड खाली ठेवलं, परत उचललं. "नई भाभी. दो-एक. हार गये थे. आखरी छे मिनट में दो गोल हो गये अपने पे."

"पण हे तर शेवटपर्यंत थांबले होते. शिट्टी ऐकली त्यांनी."

करीमभाई लेकीकडं बघायला लागले. मी म्हणाले, सांगा. मी अर्ध्यात उठणारी नाही.

"मैं आस्तीन पकडा उसकी. बोला, आज कायका ट्रक, बैठ. नई बैठा. बोला, अब्बी जीत रहें ना, इत्ताच लेको जाता मैं."

आत्ता जिंकतोय, एवढंच घेऊन जातो... मी आत जाऊन चहा ठेवला. तो उतू गेला, परत ठेवला. मला राग आला होता, अजून आहे. त्या शेवटासाठी मी बापावरून शिव्या खाल्ल्या होत्या. ट्रक कधी मध्ये नव्हताच. आठ दिवसांनी कार्ड आलं तेव्हा यांनी वाचलं असणारच. दारापाशी उभं राहून वाचलं, खिशात घातलं, आणि जेवायला बसले. आयुष्यात एकच शेवट त्यांनी मला सांगितला होता, तो खोटा निघाला. मैदानातून निघून ती रात्र कुठं काढली, तेही आता कोण सांगणार?

करीमभाई गेल्यावर मी तडक नामदेवतात्यांकडं गेले. आता नव्वदीला टेकलेत, बाजेवर असतात. त्यांना म्हणाले, तात्या, ती मॅच आपण हरलो होतो. त्यांना आठवायला वेळ लागला. मग म्हणाले, "म्हंजी साखर परत द्यायची का काय आता?" मग जरा वेळानं, "मला वाटलंच हुतं. जिंकून आलेला माणूस खेळाबद्दल इतका गप बसत न्हाय." हे मला चाळीस वर्षं का सांगितलं नाही, विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, तुमी माझी किटली परत केली हुती."

म्हणून हे लिहिलं. जळकोटात त्या दिवशी ज्यांनी साखर खाल्ली त्यातले थोडे उरलेत, बाकीच्यांची मुलं हे वाचतील. दोन-एकनं हरलो. नीट माहीत असावं.

स्टूल अजून दारापाशीच आहे. येता-जाता पायात येतं, सून म्हणते आत घेऊ का. मी म्हणाले राहू दे. संध्याकाळी टीव्हीवर कसली तरी मॅच लागते, पोरं बघतात. मी त्या स्टुलावर बसते, दोन्ही चपला बाहेर काढून. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण शिट्टी वाजेपर्यंत बसते, आणि किती-किती झालं ते विचारून मगच उठते.