अर्धा मिलिमीटर

माझे भाऊजी डोळे करतात. हे वाक्य ऐकलं की लोक हमखास "म्हणजे?" असं विचारतात आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांना ते दुसरा करून देतात. त्या डोळ्याने दिसत काहीच नाही. पण समोरच्याला वाटलं पाहिजे की हा माणूस दोन्ही डोळ्यांनी आपल्याकडे बघतोय. लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकून पगार घेणारा सज्जन माणूस मी एकच पाहिला, असं मी त्यांना चिडवते. ते हसतात आणि चष्मा पुसायला घेतात. मेहुणीने बोलायचं आणि त्यांनी चष्मा पुसायचा, हे एकतीस वर्षं चालू आहे.

मी त्याच दवाखान्यात तळमजल्यावर केस पेपर काढते. नाव, वय, काय होतंय, तिकडे बसा. भाऊजींची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. मोठी खिडकी, तिच्याशी टेबल, घासून चकाकी आणायची एक छोटी मशीन, रंगांच्या बाटल्या, आणि मोजून सहा-सात केसांचा एक ब्रश, ज्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. समोरासमोर दोन खुर्च्या. भाऊजींच्या खुर्चीमागच्या भिंतीत एक खिळा आहे. त्याला काही टांगलेलं नाही. पेशंटने त्यांच्या डोक्यावरून त्या खिळ्याकडे बघत बसायचं आणि त्यांनी पेशंटच्या चांगल्या डोळ्यात बघत रंगवायचं. "माझ्याकडे बघू नका" हे त्यांचं प्रत्येकाला पहिलं वाक्य. बुबुळाच्या मधोमध जो काळा ठिपका असतो, बाहुली म्हणतात तो, जवळचं बघितलं की आकसतो आणि माप चुकतं.

काम फार चिकाटीचं. आधी रिकाम्या खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून पांढरा डोळा घडवायचा. बुबुळ वेगळं, शर्टाच्या बटणाएवढ्या काळ्या चकतीवर रंगवायचं. रंगाचा एक थर दिला की त्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघायचं, कारण वर पारदर्शक थर चढला की रंग गडद दिसतो. पांढऱ्या भागातल्या बारीक शिरांसाठी लाल रेशमाचा दोरा सुईने पिंजून त्याचे तंतू चिकटवायचे. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो. भाऊजींच्या चित्राला कोपराच नाही आणि सही दिसली तर कामच फसलं. निदान मी तरी तसं समजत होते.

मग एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या. नवा झाडू जरा जोरातच झाडतो. त्यांनी जुन्या फायली काढल्या, पेशंटचे फोटो मापून पाहिले आणि भाऊजींना बोलावून घेतलं. बारा वर्षांतल्या बहुतेक डोळ्यांत बाहुली मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठी होती.

"रंगवताना तसं होतं," भाऊजी म्हणाले.

"मग होऊ देऊ नका," बाई म्हणाल्या.

पण ते होतच राहिलं. खरं सांगायचं तर तक्रार घेऊन आलेला पेशंट मला एकच आठवतो, शाळेत कवायत शिकवणारे एक मास्तर. मुलं घाबरेनाशी झाली, म्हणाले. पूर्वी नुसतं बघितलं की रांग सरळ व्हायची, आता कार्टी जवळ येऊन घरच्या गोष्टी सांगतात. भाऊजींनी त्यांना बरोबर मापाचा दुसरा डोळा करून दिला. मास्तरांनी पहिला काही परत केला नाही. शाळेत एक घालतात आणि घरी दुसरा.

तो किस्सा ऐकून मी दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन वर गेले आणि भाऊजींना सरळच विचारलं, की हे काय प्रकरण आहे. बोलायला ते तसे कंजूष, पण त्या दिवशी बोलले.

लहानपणी ते मावशीकडे वाढले. आई दुसऱ्या गावी एका आजारी बाईची देखभाल करायला राहायची आणि एक रविवार सोडून यायची. त्या दिवशी ते सकाळपासून पायरीवर बसून असायचे. "आईचा चेहरा मला नीट आठवत नाही," ते म्हणाले. "फोटो आहे, पण मग तो फोटोच आठवतो. गल्लीच्या वळणावर ती दिसायची आणि मी पायरीवर दिसलो की तिचे डोळे जसे व्हायचे ना, ते मात्र आठवतात. दुसरं काही नाही."

पुढे ते चित्रकला शिकले. व्यक्तिचित्रं काढायची, हे स्वप्न. पण तिथले चित्रकलेचे मास्तर म्हणायचे, अरे, तू काढलेला प्रत्येक माणूस दारात कुणीतरी आल्यासारखा का बघतो? एकदा एका निवृत्त न्यायाधीशांचं चित्र काढायचं काम मिळालं. करड्या शिस्तीचा माणूस, ज्याच्यासमोर वकिलांची बोबडी वळायची. चित्रात ते असे दिसले की जणू नातू शाळेतून पळत येतोय. घरच्यांनी चित्र परत पाठवलं. हे आमचे साहेबच नव्हेत, म्हणाले. अशी दोन-चार चित्रं परत आल्यावर भाऊजी इथे, या खोलीत आले.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांच्या डोळ्यांत तुमची आई घालता," मी म्हटलं.

"आई नाही गं. आवडतं माणूस दिसलं की बाहुली जराशी मोठी होते. कुणीतरी आपल्याला बघून खूश झालंय, एवढंच. बिचाऱ्यांचा एक डोळा गेलेला असतो, लोक तोंड फिरवतात. त्यांच्याकडे बघून समोरच्याला बरं वाटलं तर तो जरा वेळ थांबतो."

मी पोळी संपवता संपवता सहज विचारलं, "आणि ताई कशी बघते तुमच्याकडे?"

ते डबा बंद करत म्हणाले, "चालेल, अशी."

शेवटचा घास मी डब्यात परत ठेवला. कारण तो शब्द त्यांच्यापर्यंत मीच पोचवला होता.

हे स्थळ मी आणलेलं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, हायस्कुलात गणित शिकवते. पेपर तपासताना पायरी चुकली तर सख्ख्या भाचीलाही अर्धा मार्क सोडत नाही. माझ्या मुलीचाच अनुभव आहे. भाऊजी तेव्हा दवाखान्यात नवे होते, माणूस मला बरा वाटला, म्हणून घरी बोलावलं. ते येऊन चहा पिऊन गेले. ताई आत जाऊन कपड्यांना इस्त्री करू लागली. मी मागून जाऊन विचारलं, "काय गं, कसे वाटले?" ती म्हणाली, "चालेल." दुसऱ्या दिवशी भाऊजींनी विचारलं, "तुझी ताई काय म्हणाली?" आणि मी शहाणी, जसंच्या तसं सांगून मोकळी झाले. मीठमसाला लावायचा तिथे लावला नाही. आयुष्यात एवढा एकच निरोप मी प्रामाणिकपणे पोचवला आणि तोच अंगाशी आला.

संसार वाईट झाला असं मुळीच नाही. पण ताई बोलायला रोखठोक. भाजी कशी झालीय? चालेल. नवा शर्ट कसा दिसतो? चालेल. भाऊजी तो शब्द ऐकायचे आणि चष्मा पुसायचे. मी कधी मध्ये पडले नाही. नवराबायकोत तिसऱ्याने पडू नये म्हणतात, आणि मी तर एकदा पडून बसले होते.

मग ताईचा डावा डोळा गेला. त्यात पाण्याचा दाब वाढत होता. औषधं झाली, दोन ऑपरेशनं झाली, नजर गेली ती गेलीच, वर दुखणं मात्र राहिलं. डॉक्टर म्हणाले, काढलेला बरा. ताईने एका वाक्यात विषय मिटवला. "दिसत नाही आणि दुखतोय, मग ठेवायचा कशाला?" दवाखान्यात ती रडली नाही. मी रडले, तर मलाच म्हणाली, तुझा काढलाय का?

दोन महिन्यांनी जखम भरली. आता नवा डोळा करायचा आणि तो कुणी करायचा हा प्रश्नच नव्हता. पण आदल्या दिवशी भाऊजी खाली माझ्या खिडकीशी आले. रांग होती, तरी बाजूला उभे राहिले. रांग ओसरल्यावर म्हणाले, "हिला दुसऱ्या कारागिराकडे पाठवू का?"

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"ऐक तर. बाहुली मोठी केली, तर रोज सकाळी उठून मी ते बघणार. मीच घातलेलं, माझ्यासाठी. म्हणजे स्वतःच स्वतःला पत्र लिहून टपालात टाकायचं आणि पोस्टमनची वाट बघायची."

"मग मापात करा."

"मापात केली, तर जे आहे ते कायमचं दिसत राहणार. आत्तापर्यंत ते मोजलं तरी नव्हतं."

साठीला आलेला माणूस खिडकीचे गज धरून उभा होता आणि त्याला एवढंच हवं होतं की आपल्याकडे बघून आपली बायको खूश होते की नाही, हे कळू नये.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून ताईबरोबर वर गेले. ती खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली आणि त्यांनी ब्रश उचलायच्या आत म्हणाली, "अहो, ते तुमचं वरचं अर्धं मला नको. जेवढं आहे तेवढंच करा."

"तुला कुणी सांगितलं?"

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. सांगितलं होतं मी, काय करणार.

"बरं," भाऊजी म्हणाले. "माझ्याकडे बघू नकोस. त्या खिळ्याकडे बघ."

ताई खिळ्याकडे बघत बसली. भाऊजींनी मापाची पट्टी तिच्या डोळ्याजवळ धरली. पट्टीवर लहान-मोठे काळे ठिपके ओळीने छापलेले असतात. साडेतीन मिलिमीटर. कागदावर लिहिलं आणि रंग कालवायला घेतले. दोन दुपारी ते काम चाललं. मध्येच एकदा भाऊजी थांबून म्हणाले, "मला इतकी वर्षं वाटत होतं तपकिरी आहेत. कडेला हिरवं आहे गं."

"मग इतकी वर्षं काय बघत होतात?" ताई खिळ्यालाच म्हणाली.

भाऊजींनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. उत्तर मला ठाऊक होतं. ते बघतच नव्हते. तिथे काय दिसेल या भीतीने एकतीस वर्षं त्यांनी तिच्या कपाळाशी नाहीतर हनुवटीशी संसार केला होता.

पुढच्या बुधवारी डोळा तयार झाला. ताई अर्धी रजा टाकून आली. भाऊजींनी तो धुऊन, हलकेच पापणी उचलून बसवला आणि आरसा तिच्या हातात दिला. तिने पेपर तपासावा तसा चेहरा तपासला. डावीकडून, उजवीकडून, मग खिडकीकडे तोंड करून. मीही वाकून बघितलं. खरा कुठला आणि केलेला कुठला, हे सख्ख्या बहिणीला सांगता येईना.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

भाऊजींनी श्वास सोडला. "आता आरसा ठेव. डोळा नीट वळतो का ते बघू दे. माझ्याकडे बघ."

तिने त्यांच्याकडे बघितलं. ते पुढे झुकले आणि तसेच राहिले. मग त्यांनी पट्टी उचलली.

"खिळ्याकडे बघ." मोजलं. "आता माझ्याकडे." मोजलं. "परत खिळ्याकडे. परत माझ्याकडे." असं तीनदा झालं. मला वाटलं, आत काहीतरी बिघडलंय.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"जुळत नाही."

"आत्ता तर जुळत होता."

"खिळ्याकडे बघतेस तेव्हा जुळतो. हाही साडेतीन, तोही साडेतीन. माझ्याकडे बघितलंस की..."

"की काय?"

"की तुझा चार होतो."

जवळ बघितलं की बाहुली आकसते, हे त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनीच सांगितलेलं. लहान व्हायला हवी होती. खिडकी तीच, उजेड तोच, खुर्ची तीच. आणि वाढली होती ती अर्धा मिलिमीटर, जेवढी ते अनोळखी माणसांना घालत आले, नेमकी तेवढीच.

ताईला माझ्याआधी कळलं. तिचे कान लाल झाले. एकतीस वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

"किती वेळा मोजलंत?"

"तीनदा."

"मग उत्तर बरोबर असेल," ती म्हणाली आणि पर्सचा बंद उगाच नीट करत बसली.

भाऊजींनी घसा साफ केला. "मी दुसरा करून देतो. मधलं माप धरतो. पावणेचार."

"काही गरज नाही. बाकी जगाकडे बघताना जुळतोय ना?"

"जुळतोय."

"मग तुमच्यापुरता नाही जुळला तरी," ताई त्यांच्याकडे बघत म्हणाली, "चालेल."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. एकतीस वर्षांपूर्वी मी हाच शब्द या माणसाकडे नेला होता, नुसता शब्द. ताई तेव्हा इस्त्री करत होती आणि तिची माझ्याकडे पाठ होती.

भाऊजींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. या वेळी मी काहीच बोलले नव्हते.