नऊ तासांचं बोलणं

गिरणीवाल्याला हेवा करायला कारण लागत नसे. शेजाऱ्याच्या कोंबडीने दोन अंडी जास्त घातली की याचं तोंड दिवसभर कडू. पलीकडच्या गावात नवी गिरणी निघाली तेव्हा तर हा पठ्ठ्या पायी तिथवर गेला, तिथलं पीठ चिमटीत धरून चोळलं, चारचौघांत "भरड आहे!" असं ठणकावून सांगितलं आणि घरी येऊन जेवलाच नाही. कारण पीठ भरड नव्हतं. आता अशा माणसाला काय म्हणावं?

पण कामात खोट नव्हती, हे कबूल करायलाच हवं. गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावावी तर त्यानेच. डोळे मिटून नुसत्या घरघरीवरून सांगायचा, आत गहू पडतोय की मका, आणि मका ओला आहे का ते. ओला असला की मग ऐकावं! "वाळवून आणा! माझ्या दगडाला चिखल फासू नका!" बायाबापड्या हसायच्या. तो रागावलेला नसायचा, त्याचा आवाजच तेवढा होता. आयुष्यभर गिरणीत उभं राहिलेला माणूस हळू बोलायला विसरतो.

घर आणि गिरणी यांच्यात एकच भिंत. सकाळी गिरणीचा पट्टा फिरायला लागला की इकडे फळीवरची भांडी किणकिणायला लागायची आणि नवराबायकोचं बोलणं एकेका शब्दावर यायचं. "चहा!" "आणते!" "हा डबा कुणाचा?" "पोस्टातल्या बाईंचा!" संध्याकाळी गिरणी बंद झाली की दोघांचे कान बधिर, मग कोण बोलतंय? मूलबाळ झालं नाही, तो विषयही एकदा असाच ओरडून झाला होता, पुन्हा निघाला नाही. बावीस वर्षं असा संसार चालला, आणि वाईट चालला असं कुणी म्हणू नये.

भूकंपाच्या आधी आठवडाभर लोक येऊन सांगत होते, जमीन हलते, काल माठ हलला, परवा खाट सरकली. गिरणीवाला खो खो हसायचा. "माझी जमीन बावीस वर्षं हलतेय! मी कधी तक्रार केली?" आणि खरंच, त्या घरात कुणाला ते धक्के कळलेच नाहीत. पट्टा फिरत असला की तिथे सगळंच थरथरायचं.

म्हणून त्या दिवशी सकाळी दहा वाजता पहिला मोठा हादरा आला तेव्हा बायकोला वाटलं, गिरणीचंच काहीतरी बिघडलं. ती चुलीपाशी भिंतीला हात लावून उभी राहिली. गिरणीवाल्याने मात्र पाहिलं होतं. पोती आपोआप आडवी झाली, पट्टा निसटला आणि समोरची भिंत वरून खालपर्यंत उकलली. तो पळाला. बाहेर पडायची वाट स्वयंपाकघराच्या दारावरून होती. दारावरून जाताना त्याने आत पाहिलं. बायको चार पावलांवर होती. हात पुढे केला असता तर पोचला असता. तो थांबला नाही. रस्त्यावर आला आणि पाठीमागे घर बसलं.

तरीही तो थांबला नाही, कशाला लपवा? कालवा ओलांडून पलीकडच्या शेतात गेला आणि पाण्याच्या हौदाला पाठ लावून बसला. आता उठतो, आता जातो, असं म्हणायचा. तेवढ्यात दुसरा धक्का, तिसरा धक्का. प्रत्येक धक्क्याला पाठ हौदाला आणखी घट्ट चिकटायची. असे सहा तास गेले. अर्धं गाव जमिनीवर आलं होतं आणि आजूबाजूच्या गावांची हीच गत होती.

चार वाजता तो परत आला. "शाळेकडे होतो," कुणीही न विचारता त्याने सांगितलं. तिथे कुणाला ऐकायला वेळ होता?

बायको जिवंत होती. रस्त्यापलीकडच्या टेलरमास्तरने तिचा आवाज ऐकला होता. त्याचं दुकान लाकडी फळ्यांचं, त्याला काही झालं नव्हतं. ढिगाऱ्यातून कुणीतरी पातेल्यावर उलथनं वाजवतंय, एवढं त्याला कळलं आणि तो गिरणीच्या तुळईखालच्या फटीत तोंड घालून पालथा पडला. सकाळपासून तो तिच्याशी बोलत होता. गिरणीवाल्याला दिसले ते मास्तरचे तळवे, पांढरे, धुळीने भरलेले.

मदतपथक जॅक घेऊन आलं होतं. कुणीतरी म्हणालं, "अहो, नवरा आलाय. आता त्याला बोलू द्या."

पथकाचा प्रमुख म्हणाला, "नको. बाईंना या आवाजाची सवय झालीय. आवाज बदलला की घाबरतील, हलतील. बाकी सगळे गप्प."

आणि गिरणीवाला गप्प बसला. तीन तास तो रांगेत उभा राहून मातीची घमेली पुढे देत होता आणि मास्तरचे तळवे बघत होता. शब्द ऐकू येत नव्हते, नुसती पुटपुट. आणि एकदा, काय सांगावं, आतून हसू आलं. बायको ढिगाऱ्याखाली हसली! ती जिवंत आहे याचा आनंद त्याला झाला, नाही असं नाही, पण त्याच्या आधी पोटात आग पडली. संध्याकाळी सात वाजता तिला बाहेर काढलं. मांडीचं हाड मोडलेलं, केसांत माती. स्ट्रेचरवरून तिने पहिला हात मास्तरला केला.

दहा ते सात. नऊ तास. गिरणीवाल्याने हिशोब केला की बावीस वर्षांत सगळं मिळून आपण हिच्याशी नऊ तास बोललो नसू.

मग सगळ्यांना पत्र्याच्या शेड मिळाल्या, ओळीने, एकीला एक चिकटून. बायको पायाला प्लास्टर घालून खाटेवर. मास्तर तीन शेड पलीकडे, मशीन दारात मांडून. रोज सकाळी यायचा, दारातच उभा राहायचा. एकदा येताना चिंध्या भरून शिवलेली एक उशी आणली, पायाखाली ठेवायला. बरोब्बर मापाची. ती उशी बघून गिरणीवाल्याला जेवण गेलं नाही.

"काय वहिनी, आज समुद्र कसा आहे?" मास्तर विचारायचा.

"शांत आहे," बायको म्हणायची, आणि दोघं हसायची.

मास्तर गेला की याची चौकशी सुरू. "कसला समुद्र?"

"काही नाही हो. मला समुद्र बघायचाय, एवढंच."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"मला बोलली नाहीस कधी!"

"कधी बोलणार होते?" ती म्हणाली.

असे एकेक तुकडे त्याला सापडत गेले आणि प्रत्येक तुकडा रुतला. ती शाळेत पळण्यात पहिली यायची, हे मास्तरला माहीत. तिला पालीची भीती वाटते, हे मास्तरला माहीत. घर आपलं, बायको आपली, आणि माहिती सगळी त्या सुईदोऱ्याकडे! नऊ तासांत आणखी काय काय बोलले असतील? तो रोज विचारायचा, "काय बोलत होता तुम्ही?" ती त्याच्याकडे जरा वेळ बघायची, काहीतरी येईल म्हणून वाट बघितल्यासारखी, आणि मग म्हणायची, "इकडचं तिकडचं."

मग त्याने ठरवलं, आपणही बोलायचं. आपल्याला काय तोंड नाही? खाटेपाशी बसून त्याने सुरुवात केली. पण बोलायचं काय? त्याने पट्ट्याची गोष्ट सांगायला घेतली, एका वर्षी पट्टा तुटला तेव्हा काय गोंधळ झाला ती. चांगली अर्धा तास चालली. शेवटी दोन शेड सोडून राहणारी म्हातारी ओरडली, "कळलं रे बाबा, पट्टा तुटला! आता जोड आणि झोपू दे मला दुपारचं!" सगळी ओळ हसली. बायकोही हसली, पण म्हातारीच्या बोलण्याला, याच्या गोष्टीला नव्हे.

लोक मास्तरला बोलावून बोलावून चहा पाजायचे. "मास्तर, तुमच्या जिभेने जीव वाचवला बाईचा." गिरणीवाला एकदा न राहवून म्हणाला, "नुसतं पालथं पडून बोलायला काय जातंय? माती कुणी उचलली?" बोलला आणि त्याचं त्यालाच धस्स झालं. कुणी विचारलं असतं की सकाळी कुठे होतास, तर? ज्याच्या घरात आग, त्याने दुसऱ्याच्या धुराबद्दल बोलू नये. त्याला एकच गोष्ट सांभाळायची होती: आपण दारावरून पळालो ते बायकोला कळता कामा नये. तिने पाहिलं नाही, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. धूळ होती, तिची मान पलीकडे होती. असणारच.

एका दुपारी लहानसा धक्का आला. पत्रे वाजले. गिरणीवाला भानावर आला तेव्हा तो शेडच्या बाहेर, रस्त्याच्या मधोमध उभा होता. बायको आत खाटेवर. तो परत आत गेला.

"पत्रे बघून आलो," तो म्हणाला. "नीट आहेत ना म्हणून."

"आहेत का?"

"आहेत."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि छताकडे बघत राहिली.

त्यानंतर त्याला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तो तडक मास्तरकडे गेला. मास्तर कुणाच्या तरी सदऱ्याची कॉलर उलटवत होता.

"मास्तर, एकदाच विचारतो. नऊ तास काय बोललात?"

"वहिनींना विचारा."

"ती सांगत नाही. तुम्ही सांगा, नाहीतर हे मशीन उचलून कालव्यात टाकतो."

मास्तरने पाय थांबवला, चष्मा काढला. "समुद्र, शाळा, पाली, हे सगळं पहिल्या दोन तासांत संपलं. मी काय एवढा बोलका आहे? नंतर त्या एकच विचारायच्या. 'ते कुठे आहेत?'"

"मग?" गिरणीवाल्याने विचारलं.

"मी तुम्हाला पळताना पाहिलं होतं, गिरणीवाले. दुकान समोरच आहे माझं." मास्तर हळूच म्हणाला, जसं काही नेहमीचं माप सांगतोय. "पण आत अडकलेल्या बाईला ते सांगायचं का? मी म्हटलं, इथेच आहेत, पलीकडच्या बाजूने उकरतायत. म्हणाल्या, कशाने? म्हटलं, हातांनी. थोड्या वेळाने पुन्हा विचारायच्या. मग मी आणखी जोडायचो. नखं निघालीत पण थांबत नाहीत. सदरा फाटला. कुणी पाणी दिलं तर म्हणाले, आधी तिला काढू. एकदा म्हटलं, दगडांवर खेकसतायत, वाळवून आणा म्हणून. तेव्हा हसल्या."

"एवढंच?"

"एवढंच. सात तास."

गिरणीवाला तिथून निघाला तो तरंगतच. म्हणजे बोलणं सगळं आपलंच होतं! मास्तर कुठेच नाही, आपणच! महिनाभराची आग एका क्षणात विझली. वर आणखी ती आपल्याला वीर समजते. आणि आपण मूर्ख, रोज खोदून खोदून विचारत होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, आता उघडायची कशाला? मास्तर बोलणारा नाही. वाटेत त्याने आपले हात पाहिले आणि त्याला क्षणभर त्या दुसऱ्या माणसाचा, फाटक्या सदऱ्याच्या, रक्ताळलेल्या बोटांच्या माणसाचा चक्क हेवा वाटला. पण तो माणूस आपणच की! घरी पोचेपर्यंत त्याला जवळजवळ आठवायलाही लागलं, कुठला दगड आधी उचलला ते.

खाटेपाशी बसून त्याने एक सुस्कारा सोडला आणि बोटं चोळली. "अजून ठणकतात गं नखं," तो म्हणाला. "त्या दिवसापासून."

बायकोने शिवणकाम बाजूला ठेवलं. "बघू," म्हणाली, आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. एकेक बोट उलटून पाहिलं. दहाच्या दहा नखं जागेवर होती.

"मास्तरांनी सांगितलं वाटतं तुम्हाला," ती म्हणाली.

तो खाटेच्या पायाकडे बघायला लागला.

"अहो, तुम्ही दारावरून गेलात ना, तेव्हा आत बघितलंत. मीही तुमच्याकडेच बघत होते."

बाहेर कुणीतरी बादली आपटली. गिरणीवाल्याने हात मागे घ्यायला पाहिले, पण तिने धरून ठेवले होते.

"मग..." तो म्हणाला. "मग मास्तरला सारखं विचारत का होतीस? माहीत होतं तर?"

"ऐकायला बरं वाटत होतं," ती म्हणाली. "तोंडात माती, पाय सरकत नाही, डोळे उघडे की मिटलेले तेही कळत नाही. मनात यायचं, सोडून द्यावं आता. मग मी विचारायचे, कुठे आहेत? आणि मास्तर म्हणायचे, उकरतायत. खोटं बोलतायत हे कळायचं, पण वाटायचं, एवढा उकरतोय बिचारा, त्याच्यासाठी तरी आणखी थोडं थांबावं. त्याच्यामुळे वाचले मी. फार जीव जडला हो त्याच्यावर."

"कुणावर?" गिरणीवाला म्हणाला. "मास्तरवर?"

"मास्तर कसले! तो. हातांनी उकरत होता तो."

असं म्हणून तिने त्याचे हात परत त्याच्या मांडीवर ठेवले आणि शिवणकाम उचललं.