पाटावरची आत्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवीन पनवेलच्या बाजारात वांगी निवडत होते. वांगी तिथेच टाकली आणि उरणची बस धरली. यमुनाआत्या आमच्या उरणकडच्या गावातली धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजींच्याही आधी तिचा मान. हळदीपासून प्रत्येक विधीला धवला गायचा तो तिने, आणि मागच्या बायकांनी तिची ओळ झेलायची. बाई मोठी तोऱ्याची. पाटावर बसली की नवरदेवाचा बापसुद्धा आवाज खाली घ्यायचा.

करोना आला आणि तिचा पाटच गेला. लग्नं थांबली नाहीत हो... तोंडाला फडकी बांधून अंगणातल्या अंगणात उरकली जाऊ लागली. मांडववाला भाजी विकायला लागला, बँडवाला वॉचमन झाला. आत्याची छाती आधीच नाजूक, तिला बोलवायला कुणी धजेना. मी म्हटलं, "आत्या, मोबाईलवर गा की."

"येरी झालीस काय गं? धवला येकटीनं गायाचा नसतं. झेलनार कोन, ही घरातली भित?"

पण साथ काही जाईना, आणि आत्या घरात मुकी झाली. शेवटी शेजारगावच्या एका लग्नात पाटावर तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला. इकडे घरी आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून फोनसमोर बसली. पहिली ओळ गायली... पलीकडून काहीच नाही. तिचा चेहरा पडला. मग जरा वेळाने तिकडच्या बायांनी ओळ झेलली, आणि आमची तोऱ्याची बाई रडत रडत पुढची ओळ गायली.

मग सवयच लागली. साथ ओसरली, मोठे मांडव परत पडले, पण आत्याला प्रवास झेपेना आणि लोकांनाही पाटावरची आत्या चालायला लागली. दुपारी ती गावोगावच्या पोरींना फोनवरच धवला शिकवायची. आपल्यामागे गाणार कोण, हा एकच घोर तिला. पोरी म्हणायच्या, "आमी हाव ना." तिला ते पटायचं नाही. मला म्हणायची, "ज्यांना मी कवा जवल बसवलं नाय, त्या काय गातील?"

गेल्या आठवड्यात गावात हळद होती. त्या पोरी आल्या, एकमेकींना पहिल्यांदाच समोरासमोर भेटल्या. नवरीच्या आईने सवयीने पाट मांडला, तांब्याला मोबाईल टेकवला आणि मग तिच्याच लक्षात आलं... लावायचा कुणाला? तो उचलायला कुणाचाच हात होईना. मला आत्याची फार आठवण आली, फार. पोरींनी पदर सावरले, त्या बंद फोनकडे तोंड केलं आणि धवला सुरू केला.