साहेबांच्या हातातलं फावडं

“इथे झाडं नाहीत, म्हणजे जागा मोकळी आणि सेफ,” देवसाहेब म्हणाले आणि सकाळच्या बर्फावर बूट आपटला. “बघा जोशी, दगड आहे दगड!”

ऐंशीच्या दशकातला एक एप्रिल. आमचं विमा ऑफिस जयपूरला. तिथल्याच चौधरीजी नावाच्या कॉन्ट्रॅक्टरने हिमाचलात रस्त्याचं काम घेतलं होतं आणि मजुरांच्या कॅम्पचा विमा मागितला होता. मी क्लार्कपासून वर आलेला, मनालीच्या पोस्टिंगमध्ये बर्फ शिकलेला. म्हणून इन्स्पेक्शन माझ्याकडे. देवसाहेब आमचे मॅनेजर. जयपुरात कूलर लागले की डोंगरातली प्रत्येक रिस्क त्यांना जातीने पाहावीशी वाटे.

“साहेब, दोन्ही बाजूंना देवदार आणि मध्येच हा पट्टा बोडका. झाडं कुणी नेली?”

“फॉरेस्टवाल्यांनी.”

“हिमस्खलनाने. वरचा बर्फ याच वाटेने खाली येतो.”

चौधरीजी हसले. “जोशीजी, बिना मेहनत के साफ प्लॉट मिला है!”

माझं डोकं फिरलं. वरच्या उतारावर जमिनीपर्यंत खड्डा खणला. बर्फाची पारख अशीच करतात, थर बघून. वरचा थर रात्री गोठून कडक झालेला, तळाशी जाड्या साखरेसारखे सुटे कण. वसंतात दुपारचं ऊन लागलं की पाणी आत झिरपतं, पकड सुटते आणि वरचं सगळं घसरतं. मी फावड्याने मागून जरा ओढलं. एक लादी सरकून साहेबांच्या बुटांवर पडली.

“हे रिपोर्टात नको. क्लायंट बिथरतो. आणि चला, जेवायला खाली पोचायचंय.”

“मग सही तुम्ही करा.”

साहेब वाकून बुटांवरचा बर्फ झटकू लागले. मी चौधरीजींकडे वळलो. कॅम्प हलवल्याशिवाय विमा नाही, म्हणालो.

“दो तंबू हटा देता हूँ.”

“सब. पेड़ों में.”

“आधे?”

मी जीपकडे चालू लागलो. जयपूरच्या बापू बाजारात मोजडीचा भाव करताना असाच चालू लागतो.

“अरे सुनिए! सारे हटाऊँगा. पर दफ्तर यहीं रहेगा. सोफा नया है.”

“रहने दो. दोपहर में वहाँ कोई नहीं बैठेगा.”

“मैं भी नहीं?”

“आप तो बिलकुल नहीं.”

निघताना रेकॉर्डसाठी खड्ड्याचा फोटो काढला. खोली कळावी म्हणून साहेब फावडं धरून आत उभे राहिले.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, तो पट्टा खाली आला. चौधरीजींचं ऑफिस सोफ्यासकट खालच्या नदीत गेलं. मजूर झाडांत चहा पीत होते. सगळे शाबूत.

चौधरीजींनी मिठाई पाठवली, साहेबांच्या नावाने. मे महिन्यात साहेबांनी ऑफिसात हिमस्खलनावर भाषण दिलं. मला पुढे बसवलं होतं, स्लाइड बदलायला. पहिल्याच स्लाइडवर साहेब खड्ड्यात, फावड्यासकट. टाळ्या पडल्या.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. वसंतातल्या बर्फावर सकाळी मत देत नाही. आणि फावडं जीपमध्ये ठेवल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढत नाही.