ओल दिसली की खणायचं

दोष कुणाचा हे शोधल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस अख्ख्या मावळात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. वलवणच्या या मामांनी उभी हयात पाण्याच्या पाइपलाइनवर गळती शोधण्यात काढली. लोखंडी गज जमिनीवर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. रिटायर झाले तरी गज सुटला नाही. आमच्याकडे आले की चहाच्या आधी मोरीच्या भिंतीला गज लागतो. एकदा चुकून शेजाऱ्यांच्या बाजूला लावला, तर त्यांचं भांडण शेवटपर्यंत ऐकूनच उठले. "वल दिसली की खणायचं, जावईबापू. सायेब काय बी सांगू दे," हा त्यांचा धर्म.

पुढे मामांच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली आणि मामांना आयता आरोपी सापडला. दाढी करताना कापलं, गोळी. डास चावले, तरी गोळीच, "पातळ रगात वडाया त्यास्नी सोपं जातं!" भात करपला तेव्हाही तोंडावर तेच नाव आलं होतं, पण मामींनी डोळे वटारले.

गेल्या वर्षी गावात आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर झालं. शौचाचा नमुना चिमुकल्या नळीत घालून द्यायचा होता. मामांनी ती नळी चिक्कीच्या रिकाम्या खोक्यात घालून नेली. नर्सबाई "अय्या, कशाला आणलंत?" म्हणत लाजून खोकं उघडू लागल्या, तेव्हा मामा ओरडले, "बाई, खायाचं न्हाई त्ये!"

नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त निघालं. आतडं दुर्बिणीने तपासून घ्या, असं सांगण्यात आलं. मामा हसले. "गोळीचं काम! आठ दिस बंद करतो आन् पुन्यांदा नळी देतो." मामींचा रडत फोन आला. मी मामांना लोणावळ्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "गोळीमुळे रक्त जास्त येऊ शकतं, पण येतंय कुठून ते बघायलाच हवं. आणि गोळी मनाने बंद करू नका, पक्षाघात व्हायचा. तपासणीआधी थांबवायची का, ते मी सांगेन." मामा हटेनात.

बाहेर बाकावर मी विचारलं, "मामा, लाइनवर ओल दिसली आणि साहेब म्हणाले, आज प्रेशर जास्त आहे म्हणून दिसतेय, तर सोडून दिली असती?"

"सोडतोय व्हय! खणलंच असतं," ते ताडकन म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "मला ठावं हाय वो. समदं गोळीवर ढकललं की झोप लागती. खणल्यावर काय निघंल, त्याचं भ्या वाटतं." या माणसाला कशाची तरी भीती वाटते हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

अखेर खणलं. ज्यांचा पुढेमागे कॅन्सर होऊ शकला असता अशा दोन लहान गाठी निघाल्या, त्या तिथेच काढल्या. आता मामा रोज गोळी तळहातावर घेतात आणि "उगा बोललो तुला," असं म्हणून गिळतात.

हल्ली त्यांना ऐकू कमी येतं. परवा मोरीच्या भिंतीला बराच वेळ गज लावून बसले, मग तो माझ्या हातात दिला. "तुमी ऐका बरं, काय हाय का?"

मी कान लावला. "काही नाही, मामा."

"नसंना का. ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच," म्हणाले आणि पहिल्यांदाच रिकाम्या हाताने घरी गेले.