एकाच ताळेबंदाचे दोन भाव

कारखान्याचा ताळेबंद नीट वाचला की शेअरची खरी किंमत काढता येते, असं माझे यजमान म्हणायचे. ती काढताना मी त्यांना दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा ताळेबंद एकच होता.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आम्ही मंठ्याला राहायचो. जालन्याला स्टेशनाजवळ कापसाची सरकी काढून गाठी बांधायचा एक कारखाना होता. त्याचे शेअर यजमानांनी आणि थोरल्या दिरांनी सारखेच घेतले होते. थोरले दीर वारले. मागे जाऊबाई आणि लग्नाला आलेली मुलगी. मुलीला घालायच्या पाटल्या तेवढ्या जाऊबाईंजवळ होत्या. लग्नाचा बाकी खर्च शेअर विकूनच निघणार होता. "बाहेरच्याच्या हाती कशाला? मीच घेतो," यजमान म्हणाले. गाव जेवू घातल्यासारखा चेहरा करून म्हणाले.

भाव काढायला त्यांनी आपले स्नेही वकील बोलावले. दोघं बैठकीत लोडाला टेकले, मधे छापील इंग्रजी ताळेबंद. वकील उर्दूत शिकलेले. यजमानांचं इंग्रजी आकड्यांपुरतं. पण माना अशा हलवत होते, की जणू कागद रडतोय आणि हे त्याची समजूत घालताहेत.

आम्ही दोघी दाराआड. जाऊबाई परक्या पुरुषाशी बोलायच्या नाहीत. त्या मला सांगायच्या, मी दारातून पुढे सांगायचं. माझा आवाज मुळात निघायचा नाही. जाऊबाईंचं बोलणं तिकडे आधीच ऐकू गेलेलं असायचं, तरी दोघं माझ्यासाठी थांबायचे. रीत म्हणजे रीत.

"वहिनीसाहेबांना सांगा," वकील म्हणाले, "मशीन बिलकुल झिजलं. दरसाल घसारा लिहून राह्यले."

"आन् येणं पाहा की," यजमान म्हणाले. "व्यापाऱ्यांकडं अडकलंय सगळं. ते काय येतंय? बुडीतच धरा."

"जागेचं विचार गं," जाऊबाई मला म्हणाल्या. "स्टेशनाजवळ एवढी मोठी जागा हाये त्यांची."

मी 'जागा' एवढं म्हटलं असेन.

"घेतल्या भावानं लिहिली," वकील म्हणाले. "कागदावर हाये तेवढीच धरायची. कायदाच हाये तसा."

असं एकेक खोडत त्यांनी भाव निम्म्यावर आणला. यजमानांनी सुस्कारा सोडला, नुकसान त्यांचंच झाल्यासारखा. "तरी घेतो मी, वहिनी. घरचा मामला हाये."

जाऊबाई म्हणाल्या, "सांग त्यांना. शेत वाटलं तवा वाटे पोरीच्या बापानं घातले आन् आपला वाटा आधी उचलला भावजींनी. वाटे घालणारानं आधी उचलायचं न्हाई, अशी या घराची रीत. आज भाव भावजींनी घातला. मंग उचलते मी. याच भावानं त्यांचे शेअर मला द्या म्हणावं. पाटल्या मोडते."

यजमान 'हो' म्हणाले असते तर पाटल्या गेल्या असत्या आणि लग्नाला हाती नुसते कागद उरले असते. मी काहीच पुढे सांगितलं नाही. बैठकीत कपबशी वाजली.

"बायकांनी कारखान्याचं काय करायचं?" यजमान म्हणाले.

"तुझे यजमान काय करतेत? चालवतेत का?" जाऊबाईंनी मला विचारलं.

"उद्या परत एकदा नजर घालतो," यजमान घाईनं म्हणाले. "जल्दी काय हाये?"

दुसऱ्या दिवशी तेच वकील, तोच कागद, तोच लोड. मशीन मात्र रातोरात तरणंताठं झालं होतं. विलायती माल, घसारा काय, लिहायचा असतो म्हणून लिहितात. बुडालेले व्यापारी एकेक करून वर आले आणि मातबर निघाले. "स्टेशनाजवळ आज घेतल्या भावात जागा मिळती का?" हे यजमानांनीच वकिलांना विचारलं. कालचा कायदा बहुतेक सुटीवर गेला होता. मी तोंडात पदर कोंबला. एवढ्या शिकल्या-सवरल्या माणसांनी एका दिवसात कारखाना म्हातारा केला, दुसऱ्या दिवशी त्याला बाळसं आणलं, आणि हे करताना एकालाही हसू आलं नाही.

भाव दुपटीच्या वर गेला. "एवढा देता का वहिनी?" यजमान मिशीवर हात फिरवत म्हणाले. "देत असाल तर उचला माझे."

"आता बराबर भाव निघाला," जाऊबाई म्हणाल्या. "सांग त्यांना, या भावानं मी उचलत न्हाई. माझेच देते. आता त्यांनी घ्यावेत."

पुन्हा कपबशी वाजली. यजमान वकिलांकडे पाहू लागले. वकिलांना पैसे भरायचे नव्हते, ते मनापासून म्हणाले, "रीतीला धरून हाये." आपलाच भाव आपण परक्यासमोर कसा खोडणार? यजमानांनी घेतले.

लग्न चांगलं झालं. पाटल्या मुलीच्या हातात होत्या. पंगतीत यजमान व्याह्यांना सांगत होते, "ताळेबंद पाहिला आन् म्हटलं, न्हाई, वहिनींना पुरा भाव गेला पाहिजे. दुसऱ्यानं लुबाडलं असतं."

मी बुंदीची परात घेऊन तिथेच उभी होते. जाऊबाई स्वैपाकघराच्या दारातून मला म्हणाल्या, "वाढ गं त्यांना. दोन दिवस एकच कागद वाचून घसा सुकला असंल."

मी बुंदी वाढली आणि निरोप जसाच्या तसा पुढे सांगितला. त्या दिवशी आवाज निघाला. व्याह्यांपर्यंत गेला.